सेरेंगेटीची तारीख पावसाला विचारून

"मे महिन्याच्या सुट्टीत सेरेंगेटी. सहा दिवसांत चार उद्यानं. कळपांचं मारा नदीवरचं क्रॉसिंग शंभर टक्के दिसणार." एका प्रवासी कंपनीनं पाठवलेलं टांझानियाच्या सफरीचं हे पत्रक मी आप्पांच्या हातात दिलं. आप्पा म्हणजे माझे वडील, वय सदुसष्ट, माण तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. ताडोब्याला आमच्याबरोबर तीनदा आलेले. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "तिकडं पाऊस कधी पडतो?"

मला सांगता येईना. सगळी चौकशी मी पैशांची, विमानाची आणि हॉटेलांची केली होती. ज्या जनावरांना बघायला निघालो होतो ती कशाच्या मागं फिरतात, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. आप्पांना मात्र तो प्रश्न सहज सुचला. दिवाळी झाली की आमच्याकडचे धनगर मेंढरं घेऊन निघतात, कुणी कोकणात उतरतात, कुणी कृष्णाकाठी जातात आणि पावसाचं वातावरण झालं की माघारी येतात. आमच्या रानात दर वर्षी मेंढरांचा एक वाडा बसतो. चारा जिकडं, जितराब तिकडं, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं.

पुढचे दोन आठवडे मी रोज रात्री सेरेंगेटीचा पाऊस वाचत बसले.

टांझानियाच्या उत्तरेला पाऊस दोन हप्त्यांत येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थोडका, आणि मार्च ते मे असा लांबलचक. सुमारे तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी आफ्रिकी हरणं, त्यांच्या जोडीला लाखांच्या घरात झेब्रे आणि गॅझेल, हे सगळं खटलं या पावसामागून वर्षभर गोल फिरत असतं. डिसेंबरअखेर ते मार्चपर्यंत कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या माळावर असतात. मग वायव्येकडे सरकतात, जूनच्या सुमाराला ग्रुमेटी नदीच्या पट्ट्यात जातात आणि जुलै ते ऑक्टोबर अगदी उत्तरेला, मारा नदीच्या अल्याड-पल्याड असतात. नोव्हेंबरात पुन्हा खाली. म्हणजे मे महिन्यात मारा नदीवर कळपच नसतात. शिवाय मे म्हणजे तिथला ऐन पावसाळ्याचा शेवट, आणि बऱ्याच भागात काळी चिकण माती. गाडी रुतली की तासन्‌तास तिथंच. मी कंपनीला फोन करून हे विचारलं, तेव्हा "मॅडम, निसर्गाचं काही सांगता येत नाही" असं उत्तर मिळालं. पत्रकात शंभर टक्के लिहिताना निसर्ग आठवला नव्हता, याचा मला खरंच राग आला. आयुष्यभराची पुंजी खर्चून लोक एकदाच जातात हो अशा ठिकाणी.

आता खरी अडचण पुढंच होती. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि सेरेंगेटीचा पाऊस यांचं अजिबात जमत नाही. उन्हाळ्याची सुट्टी तिथल्या मोठ्या पावसात जाते, दिवाळीची छोट्या पावसाच्या तोंडावर. लेक सातवीत. जुलै-ऑगस्टात नदीचं क्रॉसिंग बघायला जावं, तर तेव्हा तिथं गर्दी जास्त, दर चढलेले, आणि नदीकाठी पाच-पाच तास थांबूनही कळप पाण्यात उतरेलच असं नाही. आप्पांची पाठ आणि लेकीचा धीर, दोन्हींचा विचार केला. शेवटी आम्ही फेब्रुवारी धरला, दक्षिणेतल्या माळावरच्या विणीचा काळ. शाळेला अर्ज लिहून नऊ दिवसांची रजा मागितली आणि कारण खरं तेच लिहिलं. वर्गशिक्षिकांनी अर्जावर सही करून "परत आल्यावर वर्गाला दाखव" एवढंच सांगितलं.

विणीच्या काळाबद्दल वाचलं ते मी आप्पांना रोज फोनवर सांगायची. विल्डबीस्टच्या बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांतच वितात. सिंह, तरस, चित्ते टपलेले असतातच, पण एका वेळी इतकी पिल्लं पडली की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतात. आणि त्या त्याच माळावर येऊन वितात, त्यालाही कारण आहे. जवळच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं त्या मातीवर पडत आली आहे. राखेखाली कठीण थर बसलेला, त्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत, पण गवत मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरसनं कसदार. पाजणाऱ्या आईला तेच लागतं, आणि उघड्या माळावर शत्रू लांबून दिसतो तो फायदा वेगळा.

"आखूड गवत अंगाला लागतं," आप्पा म्हणाले. "उंच गवत नुसतं पोट भरतं."

दुसरी एक गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत बुळकांडी आली. गाई मेल्या, तसे विल्डबीस्टही मेले. पुढं आसपासच्या गुरांना लशी टोचल्या तेव्हा जंगली कळपातलाही रोग हटला, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेली विल्डबीस्टची संख्या १९७०च्या दशकाच्या अखेरीला तेरा लाखांवर गेली. २०११ साली तर बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. आप्पांनी लहानपणी गावात बुळकांडीची टोचणी बघितलेली. "म्हंजे आपल्या बैलाला टोचली तीच," ते म्हणाले. त्या दिवसापासून सेरेंगेटी त्यांना परकी वाटेनाशी झाली.

आता आखणीचं. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प बफर धरून १,७२७. ताडोब्यात कुठल्याही गेटातून शिरलं तरी चार तासांत फेरी होते, इथं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात दिवस जातो. त्यामुळे "सेरेंगेटीत राहणार" या वाक्याला काही अर्थच नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात, किती रात्री, हे तिन्ही सांगावं लागतं. फेब्रुवारीसाठी आम्हाला हवा होता न्डुटू हा भाग, आणि तो नकाशावर सेरेंगेटीला लागून असला तरी कागदोपत्री बराचसा न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो. हद्द जमिनीवर दिसत नाही, पण पावतीवर दिसते. न्डुटूत राहून सेरेंगेटीत डोकावायचं म्हटलं की दोन्हीकडचं शुल्क भरा. आम्ही गेलो तेव्हा सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ८२.६० डॉलर होतं. पाच ते पंधरा वयाच्या मुलांना २० डॉलर अधिक कर. हे दर २४ तासांचे. प्रवेशाची वेळ परवान्यावर पडते आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आत गेटाबाहेर पडलं नाही तर आणखी एका दिवसाचे पैसे लागतात. हे कळल्यावर मी एका कागदावर तासांचा तक्ता मांडला, कुठल्या दिवशी कुठल्या गेटातून किती वाजता. एका दिवसाचं चौघांचं शुल्क त्या तक्त्यामुळे वाचलं.

मग मी अरुशातल्या सात कंपन्यांना एकच पत्र पाठवलं. अरुशा हे उत्तर टांझानियातल्या सफरींचं ठाणं, बहुतेक गाड्या तिथूनच निघतात. पत्रात तारखा दिल्या, माणसं दिली आणि विचारलं की या दिवसांत आम्ही कुठं किती रात्री राहावं, आणि का. पर्यटन परवान्याचा क्रमांक, तिकडे त्याला टाला म्हणतात, आणि तिथल्या सफर-व्यावसायिकांच्या टाटो या संघटनेचं सदस्यत्व आहे का, तेही विचारलं. चार जणांनी ठरीव पत्रकं पाठवली. दोघांनी फोननंबर मागितला. एकीनं मात्र उलट प्रश्न केले. वडिलांना पाठीचा त्रास आहे का? मुलगी पहाटे उठते का? सिंह बघायचेत की कळप बघायचेत? आणि शेवटी लिहिलं होतं की कळप न्डुटूत असावेत असा अंदाज आहे, पण पाऊस लांबला तर ते तिथून हलतात, म्हणून तिथं दोन नको, चार रात्री ठेवा. आम्ही तिथंच पैसे भरले. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो, पण हातातून एकदम जातो हे आधी धरून ठेवावं लागतं.

चार उद्यानांची कल्पना आम्ही सोडून दिली. अरुशा एक रात्र, न्गोरोंगोरोच्या वाटेवरचं कराटू एक रात्र, न्डुटू चार, आणि सेरेंगेटीच्या मधला भाग सेरोनेरा, तिथं दोन. नवऱ्याला तारांगिरे उद्यानातले हत्ती बघायचे होते. त्यानं ते सोडले, आणि हे सोडणं सोपं नव्हतं, कारण आफ्रिकेला दुसऱ्यांदा जाणं आमच्यासारख्यांना जमेलच असं नाही. तरी मी अडून बसले. ताडोब्यात एकाच पाणवठ्यावर अडीच तास बसून राहिलो तेव्हाच वाघीण बच्च्यांसह आली होती, बाकीच्या गाड्या अर्ध्या तासात निघून गेल्या होत्या. ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात होतं.

लशीनं मात्र झोप उडवली. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिकी देशांतून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, ते पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, दिवस ठरलेले असतात, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. पण ती जिवंत लस आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच देताना धोका थोडा जास्त असतो. आप्पांना रक्तदाबाची गोळी चालू. आमच्या डॉक्टरांनी जुने सगळे कागद बघितले, प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध चालू नाही ना याची दोनदा खात्री केली आणि मग चिठ्ठी दिली. मुंबईला जाऊन चौघांनी लस घेतली. दोन दिवस मी आप्पांच्या कपाळाला हात लावून बघत होते. एक रात्र कणकण आली आणि गेली. हिवतापाच्या गोळ्यांचं मी स्वतः काही ठरवलं नाही, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिल्या त्या घेतल्या. ज्यांच्या घरात साठीपुढचं माणूस आहे त्यांनी हे काम विमानाच्या तिकिटाआधी करावं, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. आम्ही तिकिटं आधी काढली होती, आणि ती धाकधूक मला अजून आठवते.

सामानाचं थोडक्यात. परतीचा प्रवास सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानानं ठरवला होता, आप्पांच्या पाठीला दोनदा तो खडखडाट नको म्हणून. त्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत, चाकांच्या कडक बॅगा चालत नाहीत. गडद निळे आणि काळे कपडे नेले नाहीत, त्या रंगांवर त्सेत्से माश्या येतात. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या घेतल्या, जुन्या तिकडे घेत नाहीत. आणि दुर्बिणी चार. यावर घरात वाद झाला, एकीत भागेल असं नवऱ्याचं म्हणणं. पण लांबवर चित्ता धावत असताना दुर्बीण हातोहात फिरवायची म्हटलं तर तिघांनी काय बघायचं? दोन विकत घेतल्या, दोन मैत्रिणींकडून आणल्या. सगळ्या खर्चात हा सर्वांत सार्थकी लागला.

सासूबाईंनी भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेथीचे खाकरे, दाण्याची चटणी आणि गूळपापडीच्या वड्या दिल्या होत्या, सगळं छान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून. टांझानियात १ जून २०१९पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, हे मला निघायच्या आदल्या रात्री आठवलं. रात्री साडेअकराला त्यांनी जुन्या सुती साडीचे तुकडे काढले, कडेला टाका घालून सात पुरचुंड्या शिवल्या आणि डबे बांधून दिले. त्यातली एक अजून माझ्या कपाटात आहे, तिला त्या माळाच्या धुळीचा वास येतो.

अदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरलो. ड्रायव्हर-गाइड बाहेर उभा होता. त्यानं आप्पांना वाकून "शिकामू, बाबू" म्हटलं. वडीलधाऱ्यांना घालायचा तो नमस्कार, आणि बाबू म्हणजे आजोबा. आप्पांनी हात जोडले. पुढं लेकीनं त्याच्याकडून वहीभर शब्द लिहून घेतले. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, पेसा, चाय, चपाती, साबुनी, रांगी. समुद्रापलीकडून व्यापारानं आलेगेलेले शब्द. पण काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण आणि मामा म्हणजे आई, हे ऐकल्यावर तिला काय करावं कळेना. सिंबा, चुई, दुमा, टेंबो, ट्विगा, म्हणजे सिंह, बिबट्या, चित्ता, हत्ती, जिराफ, हे तिनं पहिल्याच दिवशी पाठ केलं, कारण गाडीतल्या वायरलेसवर ड्रायव्हर एकमेकांना हेच सांगत असतात.

न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर पोचलो तेव्हा ढग होते आणि चांगलीच थंडी. काठ समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या वर, आणि सहाशे मीटर खाली तो कुंडासारखा तळ. स्वेटर हाताशी ठेवा. तिथं गेंडा दिसला, लांबून, दुर्बिणीतून, राखाडी दगडासारखा. पण माझं सगळं लक्ष पुढं न्डुटूकडे होतं.

आणि न्डुटूचा माळ रिकामा होता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही उतरणीवरून आलो तेव्हा समोर क्षितिजापर्यंत पिवळी जमीन, वावटळी आणि विखुरलेली गॅझेल. पाऊस दहा दिवस झाला नव्हता. लेक टपातून डोकं काढून उभी होती, तिनं विचारलं, "आई, पंधरा लाख कुठायत?" माझ्या पोटात गोळा आला. नऊ महिने आखलेलं सगळं चुकलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सिंह दिसले, बाभळीच्या सावलीत पडलेले सात जण, न्डुटूच्या खारट तळ्यात फ्लेमिंगो दिसले, सगळं सुंदर होतं. पण कळप नाही. गाइड वायरलेसवर बोलत होता, पूर्वेकडं बोट दाखवत होता. तिकडं पाऊस पडला आहे, कळप तिकडं गेले आहेत. आम्ही तिकडं जायचं का? त्यानं आप्पांकडं बघितलं. ती वाट दिवसभराची आणि दगडांची होती.

आप्पा गाडीतून उतरून छावणीच्या अंगणात उभे राहिले. वारा बघितला. "थांबू," ते म्हणाले. "वारं फिरलंय. आज न्हाय तर उद्या येईल."

संध्याकाळी साडेपाचला आला. आधी मातीचा वास, मग तंबूच्या कापडावर टपोरे थेंब, मग तासभर असा कोसळला की जेवणाच्या तंबूतलं बोलणं ऐकू येईना. तिथले वाढपी हसत होते, आप्पाही हसत होते. दुष्काळी भागातल्या माणसाला पाऊस कुणाच्याही रानात पडला तरी आनंद होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काही नव्हतं. दुपारी चारच्या सुमाराला गाइडनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. दुर्बिणीत क्षितिजावर एक काळी रेघ. मग ती रेघ जाड झाली. मग दुसरी. एकामागं एक, एकाच पाऊलवाटेनं, माना खाली घालून, आषाढीला दिंड्या चालतात तशा शिस्तीत. जवळ आल्यावर आवाज आला. विल्डबीस्टचा आवाज हंबरण्यासारखा नसतो, मोठ्या बेडकासारखा डरांव-डरांव, पण हजारोंचा मिळून एकच सलग घुमणारा सूर होतो. अंधार पडेपर्यंत ते येतच होते. नवरा माझ्या कानाशी एवढंच म्हणाला, "चार रात्री ठेवल्यास ते बरं केलंस."

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आम्ही वीण बघितली. गाडीपासून साठ-सत्तर पावलांवर एक मादी कळपाच्या कडेला उभी होती. आप्पांनीच आधी ओळखलं. "ही अडलीय. शेपूट बघ." ती बसली, उठली, पुन्हा बसली. दोन बारीक खुरं दिसली, पांढुरकी, ओली. गाइडनं सगळ्यांना हातानंच खुणावून गप्प केलं, खरं तर कुणी बोलतच नव्हतं. ती आडवी झाली, पाय ताणले, आणि पिल्लू सरकन जमिनीवर आलं. वाफ निघत होती त्याच्या अंगातून. आईनं वळून चाटायला सुरुवात केली. पिल्लानं मागचे पाय उचलले, पुढं तोंडावर पडलं. परत उचलले, बाजूला कोसळलं. लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे व्रण उठले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मग ते चार काड्यांवर उभं राहिलं, थरथरत, कान चिकटलेले, नाळ लोंबत असलेली. मी घड्याळ बघितलं होतं. सात मिनिटं. आणखी थोड्या वेळात ते आईच्या बगलेला लागून धावत होतं, वाकडंतिकडं, पण धावत. "अजून वार पडायचीय तिची," आप्पा म्हणाले, "आन् ही निघाली बघ. थांबायला येळच न्हाय बिचारीला."

तरस होतेच. दोन, चढावर बसलेले. त्या पिल्लाचं पुढं काय झालं ते आम्हाला माहीत नाही, ती दोघं कळपात मिसळली आणि एकसारख्या हजार पाठींत दिसेनाशी झाली.

त्याच दुपारी एका चित्तिणीभोवती अकरा गाड्या मी मोजल्या. ती शिकारीला निघाली होती, पोट खपाटीला गेलेलं, मागं दोन पिल्लं. ती ज्या बाजूला वळे त्या बाजूला गाड्या सरकत. गाइडनं विचारलं, पुढं घेऊ का? लेक म्हणाली नको. आम्ही मागं वळलो. आखणी करताना हे गाइडला आधीच सांगून ठेवलेलं बरं, की आम्हाला जवळ जायची घाई नाही. मोठी बक्षिसी मिळेल या आशेनं काही ड्रायव्हर गाडी पुढं दामटतात, त्यात त्यांचाही दोष नाही, मागणारे आपणच असतो. आम्ही बक्षिसीची रक्कम दिवसावारी ठरवून पहिल्याच दिवशी त्याच्याशी मोकळेपणानं बोललो होतो.

नाबी हिलच्या गेटातून सेरोनेराकडे गेलो. मासाई भाषेत या प्रदेशाचं नाव न संपणारा माळ अशा अर्थाचं आहे, ते त्या गेटामागच्या टेकाडावर चढलं की पटतं. परवान्यावर वेळ पडली ११.४०, माझ्या तक्त्यात ११.३० होती. सेरोनेराला झाडांवरचा बिबट्या बघितला, पाणघोड्यांचं डबकं बघितलं, दोन रात्री भराभर गेल्या. विमानाच्या वेळेला पिशव्या काट्यावर ठेवल्या तेव्हा आप्पांची पिशवी दोन किलो जास्त भरली. त्यांनी एका पुरचुंडीत न्डुटूची माती घेतली होती. नेता येत नाही, असं गाइडनं हळूच सांगितलं. आप्पांनी ती धावपट्टीच्या कडेला, गवतात, दोन्ही हातांनी पसरून दिली.

मृगाच्या आधी आमच्या रानात वाडा परत आला. मी दोन दिवसांसाठी गावी होते. संध्याकाळी आप्पांनी धनगराला पारावर बोलावून मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, काळ्या रेघांचा, जवळ येणाऱ्या कळपांचा. त्यानं घोंगडं सावरून फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि पूर्ण बघितला. मग विचारलं, "एवढी जितराबं, आन् कुत्रं एक दिसंना. राखतंय कोण ह्यास्नी?"

आप्पांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.